शनवार तेल्याचा पंप

शनिवार, 9 जुलै 2022. सकाळचे साडेनऊ. सिनेगॉगमध्ये, म्हणजे आम्हा यहुद्यांच्या प्रार्थनाघरात, तोरा या धर्मग्रंथाचं वाचन चाललं होतं आणि माझ्या खिशातला कामावरचा फोन वाजला. दिमोनातल्या आमच्या त्या लहानशा सिनेगॉगात शब्बाथला, म्हणजे सगळं काम बंद ठेवायच्या शनिवारी, फोन वाजलेला मी कधी ऐकला नव्हता. भोवतालच्या माना वळल्या. पुढच्या रांगेत बाबा बसले होते, वय 84. त्यांनी मात्र मागे वळून पाहिलं नाही, कारण फोन कोणाचा आहे हे त्यांना ठाऊक होतं.

मी पाणीपुरवठ्यात आहे, पंपांची देखभाल करतो. दिमोना हे इस्रायलच्या नेगेव वाळवंटातलं गाव, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून जास्त उंचीवर. इथं पाणी आपसूक येत नाही, खालून ढकलत वर आणावं लागतं. पंप थांबले की टाकीत शिल्लक असेल तेवढंच पाणी.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी, मूळचे रेवदंड्याचे. कोकणात आमच्या पूर्वजांना लोक 'शनवार तेली' म्हणत. धंदा तेलाचा, आणि शनिवारी घाणा बंद. हिब्रू विसरली, ग्रंथ हाती राहिले नाहीत, शमाची प्रार्थना तेवढी तोंडी उरली. पण शनिवारी बैल घाण्याला जुंपला नाही. बाबा ही गोष्ट सांगताना आजही ताठ बसतात. त्याला आणखी एक कारण आहे. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला, या देशात आलेल्या आमच्या माणसांच्या यहुदीपणाची लग्नाच्या वेळी चौकशी व्हायची. उपोषणं झाली, निदर्शनं झाली, आणि 1964 साली सरकारला जाहीर करावं लागलं की बेने इस्रायल सर्वार्थानं यहुदीच आहेत. माझे थोरले काका त्या निदर्शनांत होते. त्यामुळे आमच्या घरात शब्बाथ पाळण्यात भक्ती तर होतीच, पण कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही हा निर्धारही होता.

मी 1989 मध्ये ठाण्याहून इथं आलो. नोकरी लागल्यापासून शनिवारची पाळी कधी घेतली नाही. ती माझा जोडीदार घ्यायचा. तो नेगेवमधल्याच राहट गावचा बेदुइन मुसलमान. त्याच्या शुक्रवारी मी उभा राहायचो, माझ्या शनिवारी तो. अकरा वर्षं ही अदलाबदल बिनतक्रार चालली. तो मला 'आखी' म्हणतो, मीही त्याला 'आखी'च म्हणतो. अरबीत काय नि हिब्रूत काय, त्याचा अर्थ एकच, माझा भाऊ.

जून महिन्यात तो म्हणाला, "आखी, या वर्षी ईद शनिवारी येतेय. वडील थकलेत, पुढच्या ईदेला असतील-नसतील. पण तू म्हणालास तर येईन."

मी लगेच "नको, तू राहा" म्हणालो नाही. हे लिहिताना अजून लाज वाटते. मी म्हणालो, "विचारून सांगतो."

विचारायला गेलो आमच्या गल्लीतल्या राव्हकडे, म्हणजे रब्बींकडे. मोरोक्कोहून आलेल्या घरातले, साधे, वयस्क गृहस्थ. तोडगा मनाशी ठरवूनच गेलो होतो: बिगरयहुदी माणूस काम करायला तयार आहे, मग यहुद्यानं शब्बाथ का मोडावा? त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाटातून रामबामचा, म्हणजे यहुदी धर्मपंडित मायमोनिडीजचा, शब्बाथच्या नियमांचा भाग काढला. बाराव्या शतकातला ग्रंथ. जीव वाचवण्यासाठी शब्बाथला काम करायची वेळ आली तर ते परधर्मीयाकडून किंवा मुलांकडून करून घेऊ नये, यहुद्यांमधल्या थोरांनी आणि विद्वानांनी स्वतः करावं, असं तिथं लिहिलं आहे. राव्हनी ओळीवर बोट ठेवून मला ते दोनदा वाचायला लावलं. लगेच हेही सांगितलं, की उशीर होणार नसेल तर परधर्मीयाकडून करून घ्यावं असं मानणारे मोठे पंडितही आहेत आणि तसा रिवाजही आहे. त्यांनी काही लपवलं नाही.

"पण पाण्याचा पंप म्हणजे काही जीव वाचवणं नव्हे," मी म्हणालो.

"जुलैत? छत्तीस हजारांच्या गावात? म्हाताऱ्यांचं, तान्ह्या मुलांचं काय? इस्पितळातून घरी आणलेल्यांचं काय?"

मग मी त्यांना शनवार तेल्यांची गोष्ट सांगितली. वाटलं, आता ते मऊ होतील. ते खरंच हेलावले. थोडं थांबून म्हणाले, "मोठी माणसं. पण मला सांग, त्या गावाला शनिवारी दिव्याला तेल कमी पडलं, तर लोक काय करत?"

"दुसऱ्या तेल्याकडून आणत."

"आणि इथं दुसरा तेली कोण?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. शतकानुशतकं यहुदी माणूस परक्या राज्यात राहिला. विहीर, पहारा, दवाखाना, आग विझवणं, सगळं दुसऱ्या कुणीतरी सांभाळलं, आणि आमचे शब्बाथचे नियम त्या परिस्थितीत घडले. इस्रायली विचारवंत येशायाहू लायबोविट्झ यांनी 1950 च्या दशकातच हा प्रश्न जाहीरपणे मांडला होता. ते स्वतः कडवे धर्मनिष्ठ. पण स्वतःचं राज्य चालवायचं तर शनिवारी पोलीस, वीज, पाणी कोण बघणार, आणि धार्मिक माणसानं हे काम दुसऱ्याच्या गळ्यात घालून स्वतःचा शब्बाथ निर्मळ ठेवायचा का, असं ते खडसावून विचारत. पूर्वी वाचलं होतं, पटलंही होतं, पण पाळीच्या तक्त्यावर माझं नाव कधी आलं नव्हतं. माझा प्रत्येक स्वच्छ शनिवार राहटच्या एका माणसाच्या घामावर उभा होता. आणि आता मी त्याची ईदही मागणार होतो.

सकाळी त्याला फोन करून सांगितलं, "आखी, तू घरी राहा."

तर त्या शनिवारी मी सिनेगॉगच्या पायऱ्या उतरत फोन घेतला. नियंत्रण कक्षातल्या मुलीनं घाईनं सांगितलं: एक नंबरचा पंप बेअरिंग तापून बंद पडला, दोन नंबरचा आपोआप सुरू झाला आणि दीड मिनिटात थांबला. तीन नंबरची मोटर रिवाइंडिंगला गेलेली. टाकीत फार तर चार तासांचं पाणी.

गाडीची किल्ली फिरवली तेव्हा पोटात गोळा आला. आयुष्यात पहिल्यांदा मी शब्बाथला गाडी चालवत होतो, अंगात पांढरा सदरा, डोक्यावर किप्पा, आमची छोटी गोल टोपी. रस्ता ओस. मागच्याच शनिवारी आम्ही तोरातला तो भाग वाचला होता: मोशेची बहीण मिर्याम वारते, लोकांना पाणी मिळत नाही, मोशे खडकावर काठी मारतो. गाडीत सारखा तोच आठवत होता.

पंपघरात शिरलो तर आवाजच नाही. ती शांतता मला कधीही आवडलेली नाही. दोन नंबरचा दोष पाच मिनिटांत कळला. पंप सुरू झाला की पुढच्या पाइपवरचा व्हॉल्व्ह मोटरनं उघडायला हवा. त्या व्हॉल्व्हची मोटर जळली होती, म्हणून ठरल्या वेळात व्हॉल्व्ह उघडेना आणि पॅनेल पंप बंद करी. उपाय सरळ होता: पॅनेल हातचालीवर घ्यायचं, पंप चालू करायचा आणि व्हॉल्व्ह हाताच्या चाकानं उघडायचा. झटपट, कारण बंद व्हॉल्व्हवर पंप फार वेळ फिरला तर आतलं पाणी उकळायला लागतं.

हिरव्या बटणासमोर हात थांबला. नेहमीपेक्षा वेगळ्या रीतीनं काम केलं, डाव्या हातानं किंवा बोटाच्या पेरानं, तर दोष हलका होतो असं आम्ही लहानपणापासून शिकलो. पण राव्हनी निघताना बजावलं होतं, "जिथं घाई आहे तिथं डावा-उजवा करत बसू नकोस. ती नम्रता नव्हे." मी उजव्या हाताच्या तर्जनीनं, रोज दाबतो तसंच, बटण दाबलं.

मोटरनं गुरगुरत वेग घेतला. मी चाकाला भिडलो. पहिले वीस फेरे जिवावर आले, स्टेमवर वाळू आणि जुनं ग्रीस घट्ट बसलेलं. मग पाण्यानं वाट धरली, पाइप थरथरला, चाक हलकं झालं. एकशे बेचाळीस फेरे. तळहाताची साल निघाली, सदऱ्याच्या बाह्या ग्रीसनं काळ्या झाल्या. दाबाचा काटा चढला आणि स्थिरावला. मी जमिनीवरच बसलो आणि शमा म्हटली, पूर्वजांना तेवढीच येत होती, तेवढीच.

मग नोंदवही. तिला घाई नव्हती, म्हणून ती मी डाव्या हातानं लिहिली. वाकडीतिकडी अक्षरं, पहिलीतल्या पोरासारखी. ते पान अजून वहीत आहे, आणि त्याची चेष्टा कुणी केलेली नाही.

काम संपल्यावर गाडीनं परत जावं की नाही यावर मोठमोठ्या रब्बींमध्येही मतभेद आहेत. मदतीला गेलेल्याला परतायची मुभा नसेल तर पुढच्या वेळी तो निघायलाच कचरेल, असं एका बाजूचं म्हणणं, आणि ते मला योग्य वाटतं. तरी मी थांबलो. त्या पंपाला एकटं सोडून जायला मन झालं नाही. दर तासाला बेअरिंगवर हात ठेवून पाहत, सावलीत बसून, साडेआठपर्यंत. आकाशात तीन तारे दिसले, शब्बाथ सरला, तेव्हा कामावरच्या दुसऱ्या माणसाकडे पंप सोपवून निघालो.

घरी बाबा अंधारात बसले होते. हावदाला, म्हणजे मेणबत्ती लावून, प्याला भरून शब्बाथला निरोप द्यायची प्रार्थना, माझ्यावाचून केली नव्हती. काळ्या मनुकांचं सरबत झाकून ठेवलेलं. माझ्या बाह्यांकडे बघत म्हणाले, "घाणा चालवलास?"

"चालवला, बाबा."

"किती फेरे?"

मी आकडा सांगितला. त्यांनी माझा सोललेला तळहात आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग मी सांगितलं, की पुढच्या महिन्यापासून दर चौथा शनिवार मी स्वतः मागून घेतलाय. त्यांनी मेणबत्ती माझ्या हातात दिली, प्याला काठोकाठ भरला आणि म्हणाले, "लाव. उशीर झालाय."