ओइवाच्या फळीची दुसरी बाजू

खोलीतले दिवे बंद केले आणि हातातला एलईडी टेबलाच्या पातळीला आणून डावीकडून तिरपा धरला. समोरून सपाट दिसणाऱ्या चित्रात एक लांबट आयत फुगून वर आला. २४ सेंमी उंच, ९ सेंमी रुंद. तीन कडा धारदार, डावीकडची चौथी मऊ. म्हणजे कागदावर दुसरा कागद होता, आणि तो नुसता कडेनं नाही, पाठभर चिकटवलेला होता.

लाकडी ठशांनी छापलेली ही जपानी प्रिंट दादरच्या एका घरातून आमच्या लॅबमध्ये दुरुस्तीला आली होती. मालकांचे आजोबा कापडाच्या व्यापारासाठी कोबेला असत, तिथून त्यांनी आणलेली. कामाच्या कागदावर लिहिलं होतं, ‘जपानी चेटकिणीचं चित्र, पुठ्ठ्यावरून सोडवणे, कसरीची भोकं बुजवणे’. आयताचा उल्लेख नव्हता, कारण असं काही आहे हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

चित्र दोन कागदांचं. प्रत्येक कागद साधारण ३६ बाय २५ सेंमी, म्हणजे ज्याला ओबान म्हणतात तो आकार. डाव्या कागदावर कालव्याच्या काठी गळ टाकून बसलेला तलवारवाला, उजव्यावर पाण्यातून उभी वर आलेली दाराची फळी आणि फळीला ठोकलेली बाई. केस पुढे गळालेले, एक डोळा सुजून खाली ओघळलेला, अंगावर फिकट निळी छटा. सही तोयोकुनी, म्हणजे १८४४ साली ते नाव घेतलेला चित्रकार कुनिसादा. गोल शिक्क्यात कोंबड्याचं वर्ष, सातवा महिना आणि ‘तपासलं’ हे अक्षर, म्हणजे सन १८६१. तलवारवाला इएमोन, बाई ओइवा.

ही चेटकीण नव्हे. त्सुरुया नानबोकु या नाटककारानं १८२५ साली एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, नाकामुरा-झा थिएटरात ‘तोकाइदो योत्सुया काइदान’ आणलं, त्यातली ही नायिका. इएमोन बेकार सामुराई. ओइवाच्या बापाला त्यानंच मारलेलं असतं आणि तिला त्याचा पत्ता नसतो. ती ओली बाळंतीण असताना शेजारचा श्रीमंत इतो बाळंतपणानंतरचं औषध म्हणून विष पाठवतो, कारण त्याच्या नातीला इएमोन हवा आहे. ओइवा हात जोडून, पुडीतली शेवटची चिमूटही वाया न घालवता ते घेते. चेहरा बिघडतो. नवरा पैशासाठी घरातली मच्छरदाणी ओढून नेतो, ती धरून ठेवते आणि तिची नखं निघून येतात. मग मालिश करणारा ताकुएत्सु तिला आरसा दाखवतो. ती लग्न झालेल्या बाईच्या रिवाजाप्रमाणे दात काळे करायला आणि केस विंचरायला बसते, तर आईच्या फणीबरोबर केसांचे पुंजके हातात येतात. रंगमंचावर हा पुंजका डोळ्यांदेखत वाढत जातो. फळ्यांखाली बसलेला माणूस छिद्रातून आणखी केस वर सरकवत असतो. शेवटी झटापटीत खांबात रुतलेल्या तलवारीवर गळा लागून ती मरते. बाळंतपणात मेलेल्या बाईची हडळ होते असं आपल्याकडे म्हणतात. नानबोकुनं हडळीच्या आधीच्या बाईवर अख्खा अंक खर्च केला आहे, आणि मला तोच जास्त भीतिदायक वाटतो.

फळीचं कारण त्यानंतरचं. इएमोन आपल्या नोकराला, कोहेईलाही मारतो. दोघांचं लफडं होतं असं भासवायला फळीच्या एका बाजूला ओइवा, दुसऱ्या बाजूला कोहेई ठोकून ती नदीत सोडतो. पुढे तो मासे धरायला बसतो तेव्हा तीच फळी वर येते. ओइवा त्याला शाप देते, तो फळी उलटी करतो, तर मागून कोहेई बोलतो. या प्रवेशाला ‘तोइता-गाएशी’ म्हणतात, म्हणजे फळी उलटणं. पहिल्या प्रयोगात दोन्ही भूमिका एकाच नटानं, तिसऱ्या किकुगोरोनंच केल्या होत्या. फळीला चेहऱ्यापुरतं भोक असतं, दोन्ही बाजूंना कपडे चढवलेली खोटी धडं बसवलेली असतात, आणि नट मागून डोकं घालतो. फळी उलटेपर्यंत टोप आणि रंग बदलायचा.

एवढं माहीत असल्यावर त्या आयताचा अर्थ लागला. हे पाकळीचं चित्र होतं. वरची पाकळी डावीकडच्या बिजागरीवर उघडायची आणि खाली दुसरी बाजू असायची. कुणीतरी फ्रेम करताना ती फडफडू नये म्हणून पाठीला खळ फासून कायमची बंद केली होती.

घाई करण्यासारखं नव्हतंच. पाकळीच्या कोपऱ्यातून सुईच्या टोकाएवढा चिकटा खरवडून त्यावर आयोडीनचा थेंब टाकला. निळा-काळा झाला, म्हणजे स्टार्च, म्हणजे खळच. पांढरा लाकूडगम असता तर पाण्यानं सुटला नसता आणि मी पाकळीला हात लावला नसता.

मग रंग. प्रत्येक रंगावर तीन शून्य नंबरच्या ब्रशनं पाण्याचा टिपूस, ३० सेकंद थांबायचं, फिल्टर पेपरनं टिपायचं आणि भिंगाखाली बघायचं. काळा काजळीचा, तो हलला नाही. निळा प्रशियन ब्लू, तोही नाही. हिरवा म्हणजे निळ्यात हरताळ. पोथीत चुकलेल्या अक्षरावर फासायची तीच हरताळ. तोही स्थिर. लाल मात्र लगेच फिल्टर पेपरवर गुलाबी उतरला. हा करडईच्या फुलांचा कुसुंबी, जपानीत ‘बेनी’. पाण्यानं हलतो, अल्कलीत विरघळतो आणि उजेडात उडतो. तोच रंग इथे ओइवाच्या ओठाखालच्या रक्ताला आणि नावाच्या चौकटीला होता. अर्धं इथेनॉल आणि अर्धं पाणी घेऊन पुन्हा टेस्ट केली, लाल जवळजवळ जागेवर राहिला.

यातून दोन गोष्टी ठरल्या. धुणं बाद. असा आम्ल झालेला कागद एरवी कॅल्शियमच्या पाण्यात धुवावा असा मोह होतो, पण अल्कलीनं प्रशियन निळा तपकिरी पडतो आणि बेनी निघून जातो, म्हणजे एका आंघोळीत कालवाही गेला आणि रक्तही. आणि ओल द्यायची ती वाफेनं, तीही पाण्याची एकटीची नको.

पुठ्ठा आधी काढायचा की पाकळी आधी, यावर लॅबमध्ये दोन मतं पडली. सहकारी म्हणाली, “ताई, पुठ्ठा भिजला तर त्याचा तपकिरी मळ वर येईल.” बरोबर होतं तिचं. पण पुठ्ठा काढला की खालचा कागद लुळा पडतो, आणि वरची पाकळी सोडवताना तो पाकळीबरोबरच उचलला जातो. पुठ्ठा ठेवूनच काम करायचं ठरलं. मात्र ओल एका वेळी ५ मिमीच्या पट्टीपुरतीच.

सकाळी साडेदहाला उजव्या कडेपासून सुरुवात केली. बाहेर पावसाळ्याची आर्द्रता, आत यंत्र ५५ टक्क्यांवर धरलेलं. वाफ जाऊ देणाऱ्या पण पाणी अडवणाऱ्या कापडाची ५ मिमी पट्टी, तिच्यावर ६० भाग इथेनॉल आणि ४० भाग पाण्यात भिजवून पिळलेल्या टीपकागदाची पट्टी, वर पॉलिएस्टर फिल्म आणि काचेचा लहान तुकडा. १० मिनिटं. खळ फुगते, विरघळत नाही, आणि आपल्याला फुगलेलीच हवी असते. मग बांबूची पातळ केलेली पट्टी आत सारायची. पट्टी ढकलायची नाही, डावी-उजवीकडे हलवत पुढे जाऊ द्यायची, आणि तिचं टोक किंचित वर, पाकळीच्या पाठीकडे झुकलेलं ठेवायचं. पाकळीची पाठ कोरी असते, तिथे ओरखडा उठला तर चालतो. खाली चित्र आहे. सुटलेल्या भागात लगेच सिलिकॉन लावलेल्या फिल्मची पट्टी घालायची, नाहीतर सुकताना खळ पुन्हा धरते. एका पट्टीला साधारण २० मिनिटं, अशा १८ पट्ट्या.

या कागदाची एक खोड आहे. तो कोझोचा, कोझो म्हणजे कागदी तुती. तिचे तंतू साधारण १० मिमी लांब असतात, त्यामुळे तो सहसा फाटत नाही. पण जोर लावला की सोलतो. वरचा पापुद्रा निघून येतो आणि त्याच्याबरोबर चित्र. फाटल्यावर आवाज तरी येतो, सोलला तर काहीच कळत नाही. म्हणून दर पट्टीनंतर आरशाचा तुकडा आत धरून खालचा पृष्ठभाग बघत होते.

सातव्या पट्टीला पहिल्यांदा निळा दिसला. दहाव्या पट्टीपर्यंत पाण्यातली शेवाळाची रेषा, मग एक पुरुषी खांदा.

अकराव्या पट्टीला अडलं. १० मिनिटं झाली, १५ झाली, बांबू पुढे जाईना. आरशात खांद्याच्या कडेला पांढरट ठिपका दिसला, ३ मिमीचा. पापुद्रा सुटायला लागला होता. तिथेच थांबले. त्या जागेचा चिकटा काढून आयोडीन टाकलं तर नुसता पिवळा राहिला. खळ नव्हती, सरस होता. कदाचित पाकळी मधेच उचलली जाते म्हणून कुणीतरी सरसाचा ठिपका दिला असावा, बरोबर चेहऱ्यामागे. सरसाला अल्कोहोल नको, त्यानं तो उलट ताठ होतो. त्याला ओल आणि ऊब लागते. नशीब एवढंच की वर कुसुंबी नव्हता, काळे केस होते. त्या जागेपुरती नुसत्या पाण्याची वाफ ८ मिनिटं दिली आणि फिल्मवरून ४५ अंशांचा लहान तापता स्पॅच्युला चारचार सेकंद टेकवला. पाचव्या वेळी सरस सैल झाला. सुटलेला पापुद्रा पातळ खळीवर जागच्या जागी बसवला, वर फिल्टर पेपर आणि पाव किलोचं वजन. आता भिंगातून शोधावा लागतो, पण आहे, आणि अहवालात फोटोसकट लिहिला आहे.

साडेपाचला पाकळी डाव्या कडेपर्यंत मोकळी झाली. उलटली.

खाली कोहेई. केस पुढे आलेले, तोंड अर्धवट उघडं. लॅबमधल्या सगळ्यांनी जवळजवळ एकदमच तेच बघितलं. नाक तेच, गालाचं हाड तेच, जिवणीही तीच. पाकळी खाली-वर केली की चेहरा जागेवरून हलत नव्हता, फक्त बाई होत होता आणि पुरुष होत होता. ठसे कोरणाऱ्यानं दोन्ही चेहरे एकावर एक अचूक बसवले होते, कारण रंगमंचावर भोक एकच असतं. आणखी एक. वर्षानुवर्षं उजेडात राहून वरचा लाल विटलेला, फिका गुलाबी. खालच्या चौकटीतला लाल मात्र आंब्याच्या कोवळ्या पानासारखा झळझळीत. चिकटवणाऱ्याच्या हातून एवढं एक भलं झालं होतं.

बाकीचं काम नेहमीचं. पुढचे तीन दिवस पुठ्ठा मागून कोरडाच, स्कालपेलनं थर-थर सोलून काढला. शेवटच्या थराला ४ टक्के मिथाइल सेल्युलोजचा लेप, १५ मिनिटं, मग खरवडणं. सुकवताना भारी प्रेस लावला नाही, नाहीतर छपाईच्या वेळी बारेननं, म्हणजे ठशावर कागद घासायच्या गोल गादीनं, घासून कागदात उमटलेला पोत मेला असता. दोन लोकरी फेल्ट आणि काच एवढंच. कसरीची भोकं आधीच रंगवून घेतलेल्या कोझो कागदानं भरली, कडा सुईनं पिसून, मूळ चित्रावर रंग न चढवता. बिजागरी नवी केली. गव्हाचं स्टार्च १ भाग, पाणी ५ भाग, ४० मिनिटं सतत ढवळत शिजवायचं, गार करून तीनदा गाळायचं. ५ मिमीची तेंगुजो या अतिशय पातळ जपानी कागदाची पट्टी, अगदी विरळ खळीत. दाट खळीनं बिजागरी ताठ होते आणि घडीवरच मोडते.

मालक न्यायला आले तेव्हा त्यांच्या हातात बांबूची पट्टी दिली आणि पाकळी कशी उचलायची ते दाखवलं. त्यांनी ती उचलली. बराच वेळ बघत राहिले.

“हा कोण?”

“नोकर, काका. आजारी जुन्या धन्यासाठी औषध चोरलं म्हणून मारलेला.”

“काही बोलतोय का तो?”

नाटकात या जागी कोहेईचं एकच वाक्य आहे, तेच सांगितलं, “धनी, औषध द्या.”

काकांनी पाकळी हलकेच खाली सोडली. पुन्हा ओइवा. मग त्यांनी विचारलं की भिंतीवर कोणाला ठेवायचं. बाईचा लाल आधीच गेलाय, नोकराचा शिल्लक आहे, तेव्हा बाईच वर असू द्या, असं सांगितलं. माउंट आणि काच यांच्यात ६ मिमीची पट्टी, पाकळीला दाब येऊ नये म्हणून. प्रकाश ५० लक्सच्या आत, वर्षातून तीन महिने भिंतीवर, बाकी पेटीत. आणि त्या भिंतीच्या मागे बाथरूम नको.

“मागे बाथरूमच आहे,” काका म्हणाले.

मग हॉलच्या दुसऱ्या भिंतीची मापं घेतली.