टाकीतल्या मिश्रणाचा त्रिकोण कुठाय?

आमच्या बेळगाव भागात, कडोलीकडं म्हणा नाहीतर खानापूरच्या बाजूला, कोबीवर अळी दिसली की एका पंपात दोन-तीन औषधं सर्रास पडतात. टोपणानं मापायचं, काठीनं ढवळायचं, पंप पाठीवर घेऊन निघायचं. दुकानात विचारलं तर "एकत्र चालतंय की, काय होत नाही" म्हणतात, पण ते पिकाला काय होत नाही, मारणाऱ्या माणसाचं कोण बोलतच नाही.

बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो बघा, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. तो त्या एका बाटलीपुरता. टाकीत जे तयार झालं त्याला त्रिकोणच नाही, आणि माझा सगळा राग यावरच आहे.

हिशोबाची पद्धत आहे हो. अंगात किती गेलं त्याला त्या औषधाच्या सुरक्षित मर्यादेनं भागायचं आणि सगळी उत्तरं मिळवायची. समजा ०.४, ०.५ आणि ०.३ आली, एकेकटं बघितलं तर तिन्ही मर्यादेच्या आत, पण बेरीज १.२, एकाच्या वर, म्हणजे दुर्लक्ष करून चालणार नाही. क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट ही एकाच जातीची, नसांचं तेच एक एन्झाइम अडवतात, म्हणून ती मिळवावीच लागतात. अमेरिकेत १९९६ च्या कायद्यानं अशा औषधांचा एकत्र हिशोब सक्तीचा झाला.

पण नुसत्या बेरजेनंही भागत नाही. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन तर एकाच बाटलीत तयार मिळतंय. सायपरमेथ्रिन मोडून टाकणारं एन्झाइम प्रोफेनोफॉस बंद पाडतं, म्हणून अळी लवकर मरते, आणि तसलंच एन्झाइम आपल्या लिव्हरमध्येपण आहे. निपाणीकडं तर तंबाखूच्या ओल्या पानांतलं निकोटिन कातडीतून आत जातं, ते पण नसांवरच, आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी औषध मारायला जातो, हे दोन्ही कोण एकत्र धरतं सांगा.

मामांचा पंप झाकणाकडनं गळतो, शर्ट पाठीवर कमरेपर्यंत चिंब असतो, आणि फवारताना जास्त औषध कातडीतनंच आत जातं. पंप बदला म्हणून मागं लागलोय. आणि एक सांगून ठेवलंय, घाम, लाळ सुटली, डोळ्यापुढं अंधुक झालं तर दवाखान्यात जाताना त्या दिवशी टाकीत पडलेल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या, एकच नको, कारण प्रोफेनोफॉसवर ॲट्रोपिन चालतं, सायपरमेथ्रिनला तसा उतारा नाही, डॉक्टरला दोन्ही कळायला पाहिजेत.