ऑडिओ फाइलमधून मेटाडेटा काढला त्याचा माझा अनुभव

घरकाम करणाऱ्या बायकांच्या मुलाखती आम्ही काही जण मिळून रेकॉर्ड करत होतो, पगार, सुट्ट्या, मालकीणबाईंचा त्रास असं सगळं, आणि नाव-पत्ता कुठे येणार नाही असा शब्द त्यांना दिलेला. ऑडिओ बाहेर द्यायची वेळ आली तेव्हा फाइल्स साफ करायचं काम, म्हणजे फाइलच्या आत लपलेली तारीख, जागा वगैरे माहिती (मेटाडेटा) काढायचं काम, माझ्याकडे आलं.

आयफोनवरची एक फाइल मीडियाइन्फोमध्ये, म्हणजे फाइलच्या आतली माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामात, उघडली. फाइलला नाव आम्ही साधं नंबराचं दिलेलं, पण आत टायटलच्या रकान्यात बाईंच्या गल्लीचं नाव! व्हॉइस मेमोज या आयफोनच्या रेकॉर्डिंग अ‍ॅपला लोकेशन दिलेलं असलं की ते रेकॉर्डिंगला जागेचंच नाव देतो, आणि बाहेरून फाइलचं नाव बदललं तरी आतलं टायटल तसंच राहतं. शिवाय तारीख, वेळ, कुठल्या अ‍ॅपवर रेकॉर्ड झालं तेही. हँडी रेकॉर्डरच्या वेव्ह फाइल्समध्ये बेक्स्ट नावाचा वेगळा कप्पा असतो, त्यात रेकॉर्डरचं नाव आणि तारीख-वेळ. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्यांची तर तारीख फाइलच्या नावातच असते.

ही माहिती पुसायला आधी एक्झिफटूल नावाचा प्रोग्राम घेतला, तो वाचतो झकास पण एमपीथ्रीमध्ये लिहीत नाही, म्हणजे टॅग (माहितीचे हे रकाने) दिसतात पण पुसता येत नाहीत. मग एफएफएमपेग, टर्मिनलमध्ये कमांड टाइप करून चालवायचं ऑडिओ-व्हिडिओचं टूल. त्यात मॅप मेटाडेटा मायनस वन (आतली माहिती नव्या फाइलमध्ये नेऊ नको) द्यायचं आणि कोडेक कॉपी (आवाज आहे तसाच उचल) ठेवायचं, म्हणजे आवाज परत एन्कोड होत नाही, क्वालिटी तीच राहते आणि तासाभराची फाइलसुद्धा चुटकीसरशी होते. फक्त ऑडिओच घे असंही सांगायचं, कारण एमपीथ्रीला कव्हरचा फोटो चिकटवलेला असेल तर तोही जायला हवा, मोबाइलवर काढलेल्या फोटोत जीपीएस असू शकतं ना. आणि हे सगळं करून एफएफएमपेग स्वतःचंच नाव एन्कोडर म्हणून आत लिहून ठेवतं 😄 ते नको असेल तर कमांडमध्ये बिटएक्झॅक्ट हा पर्याय (फ्लॅग) लावा. त्याने काही कोणाची ओळख पटत नाही, पण मला ते खुपत होतं म्हणून लावला.

टर्मिनलची भीती वाटत असेल तर विंडोजवर एमपीथ्रीटॅग आहे, फाइल निवडून टॅग काढा म्हटलं की टॅग जातात. लिनक्सवाल्यांसाठी मॅट टू हे मेटाडेटा काढायचं टूल.

पण खरा वेळ गेला तो ऐकण्यात. टॅग सगळे कोरे झालेली फाइल हेडफोन लावून ऐकली तर मागे लोकलची अनाउन्समेंट, स्टेशनचं नाव अगदी स्वच्छ, आणि पुढे शेजारीण बाईंना नावाने हाक मारतेय. हे कुठलंच टूल काढत नाही. ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या प्रोग्रामात तेवढा तुकडा सिलेक्ट करून सायलेन्स केला, काही ठिकाणी बाईंचं अर्धं वाक्यही गेलं, जाऊ दे. म्हणून आधी आवाजातलं कापायचं, एक्सपोर्ट करताना टॅगचे रकाने रिकामे आहेत ना बघायचं आणि मेटाडेटा शेवटी उडवायचा. मग परत एकदा मीडियाइन्फोत उघडून खात्री करायची आणि तीच कॉपी द्यायची. मूळ फाइल्स पासवर्डवाल्या ड्राइव्हवर ठेवल्यात, त्या आमच्या ग्रुपवर कोणी मागितल्या तरी मी टाकत नाही.