सोळा सोमवार

श्रावणातला सोमवार. उपकेंद्रातली गर्दी ओसरली होती, तेवढ्यात एक सासू सुनेला घेऊन आली. "सिस्टर, लग्नाला तीन वर्षं झाली, हिला अजून दिवस जात नाहीत. काहीतरी गोळ्या द्या."

पोरगी बावीस वर्षांची. काट्यावर उभी केली तर ३६ किलो, उंची १५० सेंटिमीटर. खालची पापणी ओढून पाहिली, आत लाली नव्हतीच. हिमोग्लोबिन ८.२ भरलं, बाईचं निदान १२ तरी हवं. पाळीचं विचारलं तर सासूकडे बघत पुटपुटली, "दोन-दोन महिने येत नाही."

"आज काय खाल्लंस?"

"सोमवार आहे ना. दोनदा चहा घेतला."

सोमवार, गुरुवार, शनिवार, शिवाय चतुर्थी. सगळे उपवास मूल व्हावं म्हणून. एरवी सगळ्यांचं झाल्यावर उरलेली भाकरी-आमटी आणि त्यावर लगेच चहा.

मला भडभडून आलं. ज्या बाळासाठी ती उपाशी राहत होती, त्याचीच वाट त्या उपासानं अडवली असणार. अंगाला पुरेसं अन्न मिळेना की मेंदू बीजकोशाचं काम मंद करतो. स्त्रीबीज वेळेवर तयार होत नाही, पाळी लांबते.

मी सुनेशी नाही, सासूशीच बोलले, कारण घरातले डबे तिच्या हातात. हिला सगळ्यांबरोबर वाढा. मोडाच्या मटकीवर लिंबू पिळा, शेंगदाणे-तीळ-गूळ द्या, अंडं चालत असेल तर रोज एक. चहा जेवणानंतर तासाभराने; लगेच घेतला तर लोह नीट अंगी लागत नाही. लोहाच्या गोळ्या दिल्या. फॉलिक ॲसिड आत्तापासूनच हवं, हे दोनदा सांगितलं. बाळाचा मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात ती गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते, आणि तोवर कितीतरी जणींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. नवरा तंबाखू खातो म्हणाली. ती सोडायलाच हवी. ग्रामीण रुग्णालयात दोघांचीही तपासणी करा, म्हणून चिठ्ठी लिहिली.

सासू बराच वेळ गप्प होती. "पण सोळा सोमवार बोललोय. सातच झालेत."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत तीच म्हणाली, "राहिलेले मी धरते. हिनं जेवायचं."

दिवाळीनंतर दोघी परत आल्या. वजन ४० किलो, हिमोग्लोबिन १०.४. दिवस अजून गेले नव्हते. सुनेनं कॅलेंडरची घडी घातलेली पानं पुढे केली: तीन महिने, तीन लाल गोल.