पडदा ओढून विचारायचा प्रश्न

रुग्णालयातली नोकरी संपली, पण कॅज्युअल्टीत तयार झालेली नजर अजून तशीच आहे. बाथरूममध्ये घसरलेल्या बाईचं मनगट, कोपर नाहीतर गुडघा दुखावतो. हातांच्या बाहेरच्या बाजूला, कोपराखाली वळ असतील, तर तिने तोंड वाचवायला हात आडवे धरलेले असतात. एक डाग काळानिळा आणि शेजारचा पिवळट पडलेला दिसला, की मार आजचा पहिला नाही हे कळतं. आणि बाईला काय झालं हे सोबतचा माणूसच सांगत राहिला, तर मी जास्तच सावध व्हायचे.

त्याला केसपेपर काढायला पाठवायचं, पडदा ओढायचा आणि विचारायचं, "ताई, कुणी मारलं का?" बऱ्याच जणी मान हलवून नाही म्हणायच्या. काही सांगायच्या आणि लगेच हात धरायच्या, "सिस्टर, पण लिहू नका." तेव्हा मी समजवायचे, की पुढेमागे कोर्टात जायची वेळ आली, तर हाच कागद तुमच्या बाजूने बोलेल. तारीख, जखम कुठे आणि केवढी, कुणी मारलं, कशाने मारलं, हे सगळं तिच्या सांगण्याप्रमाणे लिहिलेलं असावं. नुसतं 'मारहाण' लिहून काही सिद्ध होत नाही.

मुंबईत 2000 साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी मिळून मार खाल्लेल्या बायकांसाठी 'दिलासा' केंद्र सुरू केलं, ते मला फार मोलाचं वाटतं. पोलीस ठाण्याची पायरी चढायला घाबरणारी बाई टाके घालायला दवाखान्यात येते, आणि त्याला घरचेही सहसा अडवत नाहीत. तिथेच समुपदेशक बसलेली असली, तर बाईला वेगळं निमित्त शोधावं लागत नाही. पुढे शहरातल्या इतर पालिका रुग्णालयांतही ही केंद्रं झाली.

पण दवाखान्यात येतात त्या थोड्या. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्यांपैकी जेमतेम 14 टक्के बायकांनी मदत मागितल्याचं दिसलं. बाकीच्यांचं रडणं भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनाच ऐकू येतं. म्हणून आता आमच्या चाळीच्या महिला मंडळात मी एकच गोष्ट लावून धरते. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात कलम 4 आहे. हिंसा झाली, होते आहे किंवा होईल असं वाटलं, तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर त्याबद्दल कसलीही जबाबदारी येत नाही. "आपण कशाला मध्ये पडायचं, उद्या आपल्यावरच शेकेल" म्हणणाऱ्यांना मी हे कलम वाचून दाखवते. आणि "घर त्याच्या नावावर, मी जाऊ कुठे?" असं विचारणारीला कलम 17 सांगते. घर तिच्या नावावर नसलं, तरी तिथे राहायचा हक्क तिला आहे.

मारहाण चालू असताना दार वाजवायचं झालं, तर आम्ही दोघी-तिघी मिळून जातो. विरजण मागायचं, पाणी आलंय का विचारायचं. तेवढ्याने त्या वेळेपुरता हात थांबतो. त्याला तिथे जाब विचारायचा नाही, कारण आम्ही परतलो की तो राग तिच्यावरच निघतो. जीवाला धोका दिसला तर सरळ 112 वर पोलिसांना फोन. एरवी ती एकटी भेटेल तेव्हा 181 हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक तिच्याकडून पाठ करून घ्यायचा. आधार, पासबुक, मुलांचे दाखले, दवाखान्याचे कागद यांच्या प्रती एखादी विश्वासाची शेजारीण सांभाळते.

एका बाबतीत मंडळातल्या जुन्या बायकांशी माझं अजून पटत नाही. दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवायचा त्यांचा आग्रह असतो. ज्याच्या हातचा मार खाल्ला, त्याच्यासमोर बाई खरं कसं बोलेल? आधी तिला एकटीला ऐकायचं. परत जायचं की नाही, हे तिने ठरवायचं. ती परत गेली म्हणून तिच्यावर रागवायचं नाही आणि आपलं दारही बंद करायचं नाही.

केस उभी राहिली, की खरी दमछाक सुरू होते. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, बाईचं उत्पन्न कितीही असो. पण तारखेला अख्खा दिवस कोर्टात जातो. कामाचा खाडा होतो, मुलं शाळेतून सुटतात तेव्हा घरी कुणी नसतं. आमच्यातली एक सोबत जाते, एक मुलांना आणून जेवू घालते. ज्यांना कायद्यातलं काही कळत नाही पण दुपार मोकळी आहे, अशा बायका आणि पुरुष आम्हाला यासाठी हवे आहेत.