वडील तयार झाले का?

माझा कथकचा कार्यक्रम संपला की भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी हमखास विचारतं, ‘आणि घरचे? वडील तयार झाले का?’ तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. नाही झाले.

आबा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. गाव साताऱ्याकडचं. पहाटेपासून गाड्या खाली करायच्या, ५० किलोची गोणी पाठीवर घेऊन गाळ्यात टाकायची. १९६९ साली माथाडी कायदा झाला म्हणून माथाडी बोर्डातून पगार, फंड मिळाला. कोपरखैरण्यातली आमची खोलीही त्याच पाठीवर उभी आहे. मी थोरला. माझ्यासाठी त्यांनी कुस्तीची तालीम ठरवून ठेवली होती.

आठवीत शाळेतल्या बाईंनी मला वाशीच्या कथकच्या क्लासला नेलं. आईला माहीत होतं. आबांना आम्ही कबड्डी सांगितलेली. गणपतीत मंडळाच्या स्टेजवर मार्केटातल्या एकानं मला पाहिलं आणि ते फुटलं. आबा ओरडले नाहीत. जेवता जेवता एवढंच म्हणाले, ‘नाच्या व्हायचंय व्हय रं तुला?’

बरीच वर्षं हा शब्द मी शिवी म्हणून मनात ठेवला. पण तमाशात सोंगाड्या असतो, मावशी असते, तसा नाच्या असतो. ते एक काम आहे, आणि चांगलं करायला अवघड आहे. आबा जत्रेत रात्रभर तमाशा बघणारे. ढोलकीचा तोडा चुकला तर त्यांना बसल्या जागी कळतं. नाच्या कंबर हलवत आला की पुढच्या रांगेतून काय काय बोललं जातं तेही त्यांना ठाऊक, कारण त्या रांगेत ते बसलेले, हसलेले. त्याच हसण्यासमोर आपलं पोरगं उभं राहणार, याची त्यांना भीती होती. हे कळायला माझी तिशी उजाडली.

त्याआधी मी वाद घातला. कथकच्या लखनौ घराण्यात अच्छन महाराज, शंभू महाराज, मग बिरजू महाराज, पिढ्यान्‌पिढ्या पुरुषच नाचले, त्यांनीच शिकवलं, असं सगळं सांगून पाहिलं. आबा म्हणाले, ‘त्यास्नी महाराज म्हणत्यात. तुला काय म्हणतील?’

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही पुरतं नाही. घराण्यात जन्मलेल्याच्या पायाला लोक वाकतात, गोणी वाहणाऱ्याच्या पोराला तेच पाय घेऊन आधी आपण पुरुष असल्याचं सांगावं लागतं. मला याचा राग येतो, आणि तो आबांवरचा नाही.

ते पहाटे मार्केटला निघाले की मी स्वयंपाकघरात तत्कार, म्हणजे पायांचे बोल, करायचो. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. सोळा मात्रा आणि ओट्यापासून दारापर्यंत तीन पावलं जागा. चक्कर घेताना हात कपाटावर आपटायचा. शेजाऱ्यांची न् आमची भिंत एकच, म्हणून घुंगरांना आईची जुनी साडी गुंडाळायची. विशारदपर्यंतच्या परीक्षा याच सरावावर दिल्या.

गेल्या वर्षी वाशीत विष्णुदास भावे नाट्यगृहात कार्यक्रम होता. घुंगरांची पिशवी दाराशी ठेवलेली. आबांनी ती उचलून हातात तोलली.

‘तीन किलो?’

‘तीनला थोडी कमी.’

‘म्हंजे एका पायात दीड,’ ते म्हणाले, आणि पिशवी खाली न ठेवता खुंटीला अडकवली.

कार्यक्रमाला ते आले नाहीत.