फॅन क्लबचं नाव आणि विद्यापीठाची तीन ऑफिसं: माझा अनुभव

अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाच्या संघासाठी स्वतंत्र फॅन क्लब काढत असाल, तर आधी नावाची लेखी मंजुरी घ्या, नोंदणी नंतर. आम्ही उलट केलं आणि अकरा आठवडे अडकलो.

नोंदणी सोपी. राज्याकडे नॉनप्रॉफिट कॉर्पोरेशनचे कागद भरायचे, आयआरएसच्या (अमेरिकेचं केंद्रीय करखातं) साइटवरून ईआयएन, म्हणजे संस्थेचा कर-ओळख क्रमांक, घ्यायचा, मग बँकेत खातं. ईआयएन फुकट मिळतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइट्सना एक डॉलरही देऊ नका.

अडलं ते विद्यापीठाच्या दारात. क्लबच्या नावात विद्यापीठाचं नाव होतं आणि टी-शर्टवर संघाचा लोगो हवा होता. अ‍ॅथलेटिक्स विभागाने ट्रेडमार्क ऑफिसकडे पाठवलं. ते म्हणाले, आधी कम्प्लायन्सचं, म्हणजे खेळाचे नियम पाळले जातात का हे बघणाऱ्या ऑफिसचं, पत्र आणा. कम्प्लायन्सचं म्हणणं, नाव मंजूर नसलेल्या संस्थेला आम्ही पत्र देत नाही. यात सहा आठवडे गेले. कोणी नियम मोडत नव्हतं, पण पुढचा माणूस काय मागतो हे एकालाही ठाऊक नव्हतं, याचा राग अजून जात नाही. शेवटी तिघांना एकाच मेलमध्ये घेतलं. सोबत क्लबची घटना, पदाधिकाऱ्यांची यादी, वर्षाचं अंदाजपत्रक आणि एकच प्रश्न: कोणतं नाव चालेल? चार दिवसांत उत्तर आलं. विद्यापीठाचं नाव नको. शहराचं नाव आणि संघाचे रंग चालतील. प्रत्येक पत्रकावर ‘विद्यापीठाशी संलग्न नाही’ ही ओळ हवी.

मग सगळं पुन्हा. राज्याकडे नावदुरुस्तीचा अर्ज, मंजूर दुरुस्तीची प्रत जोडून आयआरएसला पदाधिकाऱ्याच्या सहीचं पत्र, बँकेत नवे कागद, नवं चेकबुक. नाव बदललं तरी ईआयएन तोच राहतो, नवा काढू नका.

कम्प्लायन्स इतकं का घाबरतं, हे मात्र मला पटलं. एनसीएएच्या (विद्यापीठांच्या खेळांची राष्ट्रीय नियामक संघटना) नियमांत संघाला देणगी देणारा किंवा संघाचा प्रचार करणाऱ्या क्लबचा सभासद ‘बूस्टर’ ठरतो, आणि एकदा ठरला की कायमचा. त्याने केलेल्या चुकीची जबाबदारी विद्यापीठावर येते. बूस्टरांनी खेळाडूंना पैसे दिले म्हणून सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा १९८७ चा अख्खा हंगाम रद्द झाला. १९८८ चा विद्यापीठाने स्वतःच सोडून दिला. गावच्या पैलवानाला खुराकासाठी पैसे देणं आपल्याकडे पुण्याचं काम. इथे तोच हात आखडता घ्यावा लागतो, हे मराठी सभासदांना पहिल्याच बैठकीत सांगा. नववीत पाऊल टाकलेला मुलगाही ‘संभाव्य खेळाडू’ असतो. शेजाऱ्याचा मुलगा छान बास्केटबॉल खेळतो म्हणून त्याला ‘आमच्याच विद्यापीठात ये’ असं क्लबतर्फे सांगू नका.

जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर कमावता येतं, म्हणून क्लबने थेट मानधन द्यावं असं अनेकांना वाटतं. डिव्हिजन १ मध्ये, म्हणजे एनसीएएच्या सर्वात वरच्या गटात, ६०० डॉलर किंवा त्याहून मोठ्या बाहेरच्या करारांची नोंद करावी लागते, आणि बूस्टरचे पैसे असतील तर खऱ्या कामाचा मोबदला आहे का, हेही तपासलं जातं. कार्यक्रमाला खेळाडू बोलवायचा असेल तर आधी कम्प्लायन्सला विचारा.

करमाफीचं राहिलं. वर्षाची जमा ५०,००० डॉलरपर्यंत आणि मालमत्ता अडीच लाखांपर्यंत असेल तर धर्मादाय संस्थेच्या करमाफीसाठी आयआरएसचा छोटा १०२३-ईझेड फॉर्म चालतो, फी २७५ डॉलर. पण नुसत्या एकत्र बसून सामने बघण्यासाठी क्लब असेल तर तो करकायद्याच्या ५०१(सी)(७) कलमाखालचा सोशल क्लब. तिथे देणगीदाराला करसवलत नाही. लहान क्लबला दरवर्षी ९९०-एन हे आयआरएसचं छोटं ऑनलाइन विवरणपत्र भरावंच लागतं; सलग तीन वर्षं चुकलं तर करमाफी आपोआप जाते.

टी-शर्ट छापणाऱ्याकडे विद्यापीठाचं लायसन्स आहे का, हे ऑर्डरआधी विचारा. नसेल तर लोगो न घालता फक्त रंगांत छापून घ्या.